सुरणाची नऊ पानं

१

अक्का हरवली आहे हे कळायला तेवीस दिवस लागले, आणि त्यात आपली काहीच चूक नाही असं प्रत्येकाचं म्हणणं होतं. लग्नघर होतं. म्हातारी हळदीच्या दिवशी रुसून निघून गेली होती, आणि रुसलेल्या म्हातारीच्या मागे त्या गडबडीत कोण धावणार. सोनगीरच्या अलीकडच्या त्या मळ्यातल्या माणसांना वाटलं, ती चाळीसगावला भाचीकडे असेल. चाळीसगावच्या भाचीला, कुंदाबाईला वाटलं, ती मळ्यात असेल. जूनच्या तीस तारखेला कुंदाबाईनं सहज फोन केला, तेव्हा दोन्हीकडच्या माणसांना एकदम घाम फुटला.

हे सगळं मला रहिमाबीनं सांगितलं. रहिमाबी देवपुरात दारोदार बांगड्या भरते, वीस वर्षं माझ्याही हातात तिनंच भरल्या. मी धुळ्याच्या कॉलेजात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. आता माझा गुडघा दुखतो, आणि कॉलनीतली माणसं सुकलेल्या तुळशी घेऊन माझ्या दारात उभी राहतात. त्या दिवशी बेल वाजली तेव्हा मला उठायचाही कंटाळा आला होता.

रहिमाबीनं टोपली खाली ठेवली आणि ती पायरीवरच बसली. तिचा मुलगा खाजा रिक्षा चालवतो. चार दिवसांपूर्वी पोलिसांनी त्याला उचललं होतं. अक्काला कुठं नेऊन मारलंस, असं विचारत होते.

मी तिला आत बोलावून पाणी दिलं आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. अक्काचं खरं नाव बेबाबाई. वय अठ्ठ्याहत्तर, मूलबाळ नाही, नवरा जाऊन जमाना झालेला. पुतण्या हितेंद्र याच्या मळ्यात विहिरीजवळच्या खोपीत ती राहायची. हितेंद्रच्या मुलीचं, भाविकाचं लग्न होतं. शुक्रवारी रहिमाबी नवरीला बांगड्या भरायला मळ्यात गेली. सगळ्या बायका अक्काच्या खोपीसमोर निंबाच्या सावलीत बसल्या होत्या. बांगड्या भरून झाल्यावर अक्कानं तिला खोपीत नेलं, हातातली चांदीची दोन कडी काढली, फडक्यात बांधली आणि तिच्या टोपलीत ठेवली. आखाडात पोर माहेरी येईल तेव्हा तू तुझ्या हातानं तिला घाल, असं म्हणाली.

"स्वतः का नाही घालत, असं विचारलं मी," रहिमाबी म्हणाली. "तर म्हणते, पोरले सांगजो, मी रुसेल नही. पोरीला सांग, मी रुसलेली नाही. बस, एवढंच. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं, मॅडम. मी हो म्हटलं."

दुसऱ्या दिवशी शनिवारी हितेंद्रच्या गावातल्या घरी हळद होती आणि रहिमाबीच्या घरी बकरी ईद. खाजाची रिक्षा दिवसभर दारात उभी होती. पण मळ्यातला सालदार झिपरू याने सगळ्यांना सांगितलं की दुपारी अक्का पिशवी घेऊन रस्त्यावर गेली आणि रिक्षात बसली. त्या रस्त्याला नेहमी येणारी रिक्षा एकच. पोलिसांनी खाजाच्या घराची झडती घेतली, कपाटात चांदीची कडी सापडली, आणि पुढं कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही.

मी म्हटलं, यात मी काय करणार. तर म्हणाली, फौजदार तौफिक तुमचा विद्यार्थी आहे, तुमचं ऐकतो.

तौफिक परीक्षेतसुद्धा माझं ऐकत नव्हता. पण रहिमाबी उठायला तयार नव्हती, आणि तिला जा म्हणायचं बळ माझ्यात नव्हतं. मी फोन उचलला.

२

तौफिक दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच गाडी घेऊन आला. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. खाजाला सोडलं तर आपल्या माणसाला पाठीशी घातलं म्हणतील, ठेवलं तर घरचेच तोंड फिरवतात, असं तो म्हणाला. साहेबांना निकाल पाहिजे होता. त्याला स्वतःला खाजावर संशय नव्हता, पण संशय नाही हे काही कागदावर लिहिता येत नाही.

"मॅडम, तुम्ही फक्त माणसांशी बोला. माझ्यासमोर सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लागतं."

मळ्याकडं जाताना त्यानं बाकीचं सांगितलं. पाच एकर जमीन अजून अक्काच्या नावावर होती आणि हितेंद्र दोन वर्षं तिच्या मागं लागला होता. हितेंद्रची बायको कोकिळा आणि अक्का यांचं शुक्रवारी साडीवरून जोरात भांडण झालं होतं, ते साऱ्या बायकांनी ऐकलं होतं. म्हणजे रुसायला कारण होतं, आणि मारायलाही. मला हे ऐकूनच थकवा आला. लग्नघरात साडीवरून भांडण न झालेलं मी अजून पाहिलेलं नाही.

हितेंद्र ओट्यावर बसला होता. मोठा, ढिला माणूस, आठ दिवसांत दाढी केलेली नव्हती. आधी तो अक्कावर चिडला. तिच्यासाठी खुर्ची मांडून ठेवली होती, फोटोत ती खुर्ची रिकामी दिसते म्हणाला. मग बोलता बोलता रडायलाच लागला. दोन वर्षांपूर्वी भाविकाचं पहिलं लग्न ठरलं होतं. हळदीच्या दिवशी त्याचे वडील भाईदास आबा गेले. घरात सुतक. लग्न पुढं ढकललं, तेवढ्यात मुलाकडच्यांनी मुलीचा पायगुण काढला आणि नारळ परत पाठवला. त्यानंतर गावातल्या बायका भाविकाला हळदीकुंकवालासुद्धा बोलवीनात. या वेळचा आठ जूनचा मुहूर्त शेवटला होता, पुढं दिवाळीपर्यंत काही नव्हतं.

"त्या वक्ताले पोरीनं सहा महिने खोलीचं दार उघडलं नव्हतं," तो म्हणाला. "तिच्या ताटात जेवण घालून अक्काच दाराशी बसायची. आणि तीच लग्नाला नाही. म्हणून भाविकाचा राग शे तिच्यावर. आखाड लागला तरी पोर माहेरी यायला तयार नाही."

कोकिळा स्वयंपाकघरात भेटली. तिनं भांडण झाल्याचं कबूल केलं. अक्कानं नवी साडी घ्यायला नकार दिला होता, मला कशाला, माझ्या अंगावर ती कुठं शोभणार, असं म्हणाली होती. कोकिळेला तो टोमणा वाटला. मी विचारलं की त्या दिवसांत घरात काही वेगळं घडलं का. ती म्हणाली, लग्नघरात काय नीट घडतं. मिठाची अर्धी गोणी कुणीतरी लांबवली. झिपरूनाना पंगतीला वाढणार होते, तर ऐन वेळी त्यांचे हात सुजले आणि ते कोपऱ्यात चिंचेच्या पाण्यात हात घालून बसले. आणि लग्न झाल्यावर आठ दिवस खोपीकडून असा घाण वास येत होता की पाहुणे नाक मुरडत होते.

"कसला वास?"

"सुरणाच्या फुलाचा. झिपरूनाना म्हणाले, तिकडं जंगली सुरण फुललंय, जाऊ नका. त्या फुलाला मढ्यासारखा वास असतो ना, मॅडम? मागं एकदा फुललं होतं, तेव्हा आम्ही मेलेलं कुत्रं शोधत फिरलो होतो."

असतो, मी म्हटलं. तीस वर्षं मी हेच शिकवलं होतं. तरीही माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच, पण कशानं ते मला कळेना.

३

खोपीच्या बाजूला मोरीचं पाणी जायचा चर होता आणि त्याच्या कडेनं सुरणाचा वाफा. झिपरू तिथं गवत काढत होता. पासष्टीचा माणूस, अंगानं काटकुळा. मला बघून उभा राहिला, तौफिकला बघून खाली बघायला लागला.

वाफ्यात सुरण छान माजलं होतं. कमरेएवढ्या देठावर हिरवीगार छत्री. तौफिकला वाटलं ती झाडं आहेत, आणि माझ्यातली मास्तरीण गुडघा विसरून जागी झाली. मी त्याला सांगितलं की हे झाड नाही, हे एक पान आहे. जो खोडासारखा दिसतो तो देठ. त्याच्यावर हे पांढुरके डाग बघ, हात लावू नको, खरखरीत आहे. शेतातल्या सुरणाचा देठ गुळगुळीत असतो, हे रानातलं आहे. खाली जमिनीत एक कांदा, आणि एका कांद्याला वर्षाला असं एकच पान. ते तुटलं की त्या वर्षी बहुतेक दुसरं येत नाही. दिवाळीच्या आसपास पान वाळून जातं आणि वर काहीच राहत नाही, नुसती माती दिसते. कांदा खाली झोपून राहतो.

"आणि खाज?" तौफिकनं विचारलं.

त्याच्या रसात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते कातडीत घुसतात, म्हणून चिंच लावल्याशिवाय कुणी त्याला हात घालत नाही. एवढं सांगून मी झिपरूला विचारलं की हे कांदे कुणी आणले. त्यानंच आणले होते, शिरपूरकडच्या डोंगरातून, अक्काला भाजी आवडायची म्हणून. चाळीस वर्षं तो या मळ्यात होता. त्याची बायको गेली तेव्हा त्याच्या पोरांना अक्कानंच वाढवलं होतं. एवढं बोलून तो पुन्हा खाली बसला आणि नसलेलं गवत उपटायला लागला.

मी म्हटलं, लग्नानंतर इथं फूल आलं होतं म्हणे.

"हा. मोठं शे ते फूल. आठ दिन वास मारे."

"कुठल्या कांद्याला?"

त्यानं हात केला तो वाफ्याच्या मधोमध. मी पाहिलं. चराच्या या टोकाला तीन छत्र्या होत्या, त्या टोकाला दोन. मधे काहीच नव्हतं. पाच-साडेपाच फूट नुसती काळी माती, नीट थापलेली. त्या मोकळ्या जागेला लागून ज्या दोन छत्र्या होत्या, त्यांच्या कडा करपल्या होत्या. बाकीच्या तिन्ही टवटवीत होत्या.

मी मधल्या पानांचं काय झालं असं विचारलं, तर डुकरांनी खाल्ली म्हणाला. त्याचे हात मी तेव्हा नीट बघितले. कोपरापर्यंत खाजवून खाजवून पडलेले डाग होते, महिनाभराचे जुने.

आम्ही परत निघालो. मनात काय चुकचुकलं होतं ते आता मला कळलं होतं, आणि ते खरं निघू नये असं वाटत होतं. पण नुसत्या अंदाजावर म्हाताऱ्या माणसाच्या दारात कुदळ घेऊन जाता येत नाही. मी तौफिकला म्हटलं, गाडी रहिमाबीच्या घरी घे.

४

रहिमाबीची नात रूही नववीत आहे. शुक्रवारी तीही आजीबरोबर टोपली धरायला गेली होती, आणि नवरीच्या बांगड्यांचे फोटो तिनं फोनवर काढले होते. मी तिला सगळे दाखव म्हटलं. पहिल्या दहा-बारा फोटोंत नुसते हात होते. मग एक फोटो आला. भाविका दोन्ही हात वर करून हसत उभी आहे, शेजारी अक्का पदराने तोंड झाकून बसलेली, आणि त्या दोघींच्या मागं चराच्या कडेनं सुरणाची रांग.

मी चष्मा पुसला आणि मोजलं. रूहीलाही मोजायला लावलं, तौफिकलाही. नऊ छत्र्या होत्या. मोरीचं पाणी मिळत होतं म्हणून ती सुरणं पावसाची वाट न बघता मे महिन्यातच वर आली होती आणि सहा जूनला गुडघाभर उंच होती.

तौफिकला त्यात काही दिसेना. मला मनातून त्याची चीड आली, कारण हा धडा मी त्याला दुसऱ्या वर्षाला दोनदा शिकवला होता.

"सुरणाचं फूल कधी येतं?" मी विचारलं.

"पावसाआधी?"

"पानाआधी. उघड्या मातीतून एकदम वर येतं. तपकिरी-जांभळी घंटा आणि तिच्यात सुरकुतलेला गोळा. देठ नाही, पान नाही, काही नाही. ते फूल बसलं की मग पान येतं. एकदा छत्री उघडून उभी राहिली की त्या कांद्याला त्या वर्षी फूल नाही. आणि इथं शुक्रवारी नऊच्या नऊ छत्र्या उभ्या आहेत. मग रविवारनंतर फूल आलं कुठून?"

त्यानं फोटो मोठा करून पुन्हा मोजलं. मी पुढं सांगितलं की फूल आलं असतं तरी त्याचा वास आठ दिवस टिकत नाही. पहिल्या संध्याकाळी ते गरम होतं, वास सोडतं, माश्या बोलावतं. दुसऱ्या दिवशी संपलं. फार तर दीड-दोन दिवस. आठ दिवस वास येतो तो फुलाचा नाही.

मग बाकीचं आपोआप जुळत गेलं. नऊतली मधली चार पानं गेली. कुणीतरी तिथं खणलं होतं, एका माणसाच्या लांबीएवढं. घाईत चिंच न लावता खणलं म्हणून हात सुजले. पुरताना मीठ घालतात, ती मिठाची गोणी तिथंच गेली, आणि ते मीठ पाण्याबरोबर झिरपून शेजारच्या दोन पानांच्या कडा करपल्या. झिपरूनं मागच्या वेळच्या फुलाची आठवण वापरली आणि सगळ्यांनी ती मानली, कारण वास सगळ्यांच्या लक्षात होता आणि फूल केव्हा येतं ते कुणीच बघितलं नव्हतं.

तौफिक उठला. "म्हणजे झिपरूनं मारलं."

रहिमाबी इतका वेळ दाराशी उभी होती. तिचा मुलगा सुटणार होता, तरी तिच्या तोंडावर आनंद नव्हता. झिपरू तिला भाबी म्हणायचा, ईदला शेंगा आणून द्यायचा. आणि त्यानंच रिक्षाचं नाव घेतलं होतं.

तेव्हा मला तिचं पहिल्या दिवशीचं वाक्य आठवलं. ऐकलं होतं मी ते, पण कंटाळलेलं माणूस कानानं ऐकतं आणि तिथंच सोडून देतं. मी तिला पुन्हा विचारलं की अक्का नक्की काय म्हणाली आणि कोणत्या दिवशी.

"शुक्रवारी. पोरले सांगजो, मी रुसेल नही."

अक्का रुसली असं घरात पहिल्यांदा बोललं गेलं ते शनिवारी संध्याकाळी. झिपरूनं सांगितलं तेव्हा. मग शुक्रवारीच तिला कसं माहीत की उद्या आपण रुसलो असं सगळे म्हणणार आहेत?

५

तौफिककडं मी थोडा वेळ मागितला. कुदळवाले, पंच, तहसीलदार वगैरे दुपारी येणार होते. सकाळी आम्ही दोघंच गेलो. झिपरू खोपीच्या दाराशी बसला होता. आम्हाला बघून तो उठला नाही.

मी त्याच्या शेजारी ओट्यावर बसले. फोटो दाखवला. तो भाविकाकडं बघत होता, सुरणाकडं त्याचं लक्षच नव्हतं.

"नाना," मी म्हटलं, "अक्कानं तुमच्याकडून काय वचन घेतलं होतं?"

त्यानं फोटोवरून नजर काढली. मग त्यानं तौफिकला विचारलं, "पोर नं लगीन मोडाव नही ना आते?"

नाही मोडणार, तौफिक म्हणाला. त्याला तसं म्हणायचा काही अधिकार नव्हता, पण म्हणाला ते बरं केलं.

मग झिपरूनं सांगितलं. मे महिन्यात अक्काला दम लागायला लागला. त्यानंच तिला धुळ्याला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं हृदयाचं सांगितलं आणि आजच भरती करा म्हटलं. अक्का कागद घेऊन उठून आली. लग्नघरात दवाखाना नको म्हणाली. तो कागद तिनं खोपीच्या वाशात खोचून ठेवला होता, अजून तिथंच होता. तौफिकनं तो काढून वाचला. तारीख, डॉक्टरची सही, रुग्णानं भरती व्हायला नकार दिला अशी नोंद, आणि खाली अक्काचा अंगठा.

घरी येताना बसमध्ये तिनं झिपरूला सगळं पढवलं. मी लग्नाआधी गेले तर कुणाला सांगायचं नाही. हितेंद्रला तर नाहीच, तो भोळा आहे, मांडवातच रडत बसेल. मी रुसून चाळीसगावला गेले म्हण. रुसलेल्या म्हातारीला कुणी शोधत नाही.

"ती बोलनी, पोर नं लगीन व्हई जाऊ दे, मंग सांग बठ्ठास्ले. एकदाव तिन्हा मांडव मोडना, दुसरी गंत मोडाले नको." मांडव दुसऱ्यांदा मोडू नये, लग्न झालं की सगळ्यांना सांग, एवढंच तिचं मागणं होतं.

शनिवारी सकाळी तो चहा घेऊन गेला तर अक्का खाटेवर गार झालेली होती. सगळे गावातल्या घरी हळदीत होते, वाजंत्री मळ्यापर्यंत ऐकू येत होती. भर दुपारी त्यानं एकट्यानं खणलं. वाफ्याची माती तेवढी मऊ होती, बाकी सगळीकडं मुरूम. तिच्या अंगावर त्यानं नवी साडी घातली, तीच, जी तिनं कोकिळेच्या हातून घेतली नव्हती आणि कोकिळा रागानं खोपीतच टाकून गेली होती. चारही कांदे त्यानं परत नीट लावले होते, पण पानं दोन दिवसांत माना टाकून पडली.

सोमवारी सांगायला तो हितेंद्रकडं गेलाही होता. हितेंद्र पाहुण्यांसमोर रिकाम्या खुर्चीवरून अक्काला शिव्या देत होता. झिपरूची जीभ आत गेली. मग वास सुटला आणि तोंडातून फुलाचं खोटं निघून गेलं. मग पाऊस आला. प्रत्येक दिवशी सांगणं आदल्या दिवसापेक्षा अवघड होत गेलं.

"आणि खाजा?" तौफिकचा आवाज चढला होता. "सहा दिवस झाले, तो आत आहे. तुमच्या एका शब्दावर."

झिपरूला बकरी ईद लक्षात नव्हती. रिक्षा असं त्यानं नुसतं तोंडाला आलं म्हणून म्हटलं होतं, नाव कुणाचंच घेतलं नव्हतं. खाजाला धरल्यावर त्याला वाटलं, पोरानं काही केलेलंच नाही तर सोडतीलच. असं वाटायला माणसानं कधी ठाण्याची पायरी चढलेली नसावी लागते. मला त्याचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी त्याच्या डागाळलेल्या हातांवर हात ठेवावासा वाटला. मी दोन्ही केलं नाही. मी त्याला म्हटलं, तुम्ही अक्काला दिलेला शब्द पाळला, त्याचा भार दुसऱ्या आईच्या पोरानं वाहिला, हे तुम्हालाच आता रहिमाबीला सांगावं लागेल.

त्यानं मान हलवली. दुपारी पंचांसमोर त्यानं स्वतः जागा दाखवली. हात लावण्याआधी मात्र त्यानं थांबवलं आणि आत जाऊन सगळ्यांसाठी चिंचेचं पाणी घेऊन आला.

६

शवविच्छेदनात मारहाणीची काही खूण निघाली नाही. डॉक्टरच्या कागदाशी सगळं जुळलं. प्रेत लपवल्याचा आणि खोटं सांगितल्याचा गुन्हा झिपरूवर लागलाच, त्याला जामीन मिळाला तो हितेंद्रच्या सहीवर. अक्काला अग्नी हितेंद्रनं दिला. घरानं उशिराचं सुतक पाळलं. 

खाजा सुटला. झिपरू त्याच्या दारात गेला होता, पण खाजा बाहेर आला नाही. रहिमाबी आली, तिनं सगळं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. मी तिला काही समजवायला गेले नाही. समजवायचा मला अधिकार नव्हता.

आखाडाचे चार दिवस उरले होते तेव्हा भाविका माहेरी आली. रहिमाबीनं मला बरोबर चल म्हटलं. मी गुडघ्याचं सांगितलं, ती म्हणाली खाजा रिक्षा आणतोय. त्यानं मळ्याच्या फाट्यावर आम्हाला उतरवलं आणि तिथंच थांबला, आत आला नाही.

चांदीची कडी अजून ठाण्यातच होती. मुद्देमालात गेलेली वस्तू कोर्टातून सुटायला वर्ष लागेल, असं तौफिक म्हणाला होता. म्हणून रहिमाबीनं टोपलीतून हिरव्या बांगड्या काढल्या. भाविका खोपीसमोर निंबाखाली बसली होती. चेहरा सुजलेला. वाफा आता सगळाच उकरलेला होता, एकही छत्री उरली नव्हती.

रहिमाबीनं तिचा हात हातात घेतला आणि बोटं दाबत दाबत एकेक बांगडी चढवायला लागली. भाविका हळू आवाजात म्हणाली की लग्नात मी कुणाला तिला फोनसुद्धा करू दिला नाही. रुसली तर रुसू दे, म्हटलं मी. माझ्यापेक्षा तिला साडी मोठी झाली, असं म्हटलं.

शेवटची बांगडी मनगटावर आली. रहिमाबीनं तो हात सोडला नाही.

"बेटा, कडी माझ्याकडं होती, ती पोलिसांनी नेली. पण अक्कानं अजून एक दिलं होतं तुझ्यासाठी. ते उशिरा आणलं मी, माफ कर. म्हणाली, पोरले सांगजो, मी रुसेल नही."

भाविकानं बांगड्यांचा हात तोंडावर धरला, आणि बाजूला गवत काढत बसलेला झिपरू उठून विहिरीकडं चालायला लागला. मी तिथल्या उकरलेल्या मातीत पडलेला एक कांदा पिशवीत टाकला. मुठीएवढा होता, पान नसलेला. यंदा त्याला काही येणार नाही हे मला माहीत होतं, पण माझ्या दारात तुळशी घेऊन येणाऱ्यांना दाखवायला असू दे म्हटलं.

फाट्यावर खाजा रिक्षात बसून होता. आम्ही बसलो. त्यानं रिक्षा सुरू केली, मग पुन्हा बंद केली.

"तो म्हातारा धुळ्याला कोर्टाच्या तारखेला कसा जाणार आहे?" त्यानं आईला विचारलं.

बसनं जाईल, रहिमाबी म्हणाली.

खाजानं रिक्षा पुन्हा सुरू केली. "सांग त्याला," तो म्हणाला, "सकाळी आठला इथं उभा राहा म्हणावं." आणि त्यानं रिक्षा धुळ्याच्या दिशेनं वळवली.